गुडघा नारळाएवढा सुजलाय, पण दुखत नाही. वाटी बदलायची का? (नाशिक)

गोदाकाठची | १२ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझे वडील, अण्णा, वय ६८, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. साखर बावीस वर्षांपासून. एप्रिलअखेर उजवा गुडघा सुजला. सुजला म्हणजे पायजम्यातून दिसावा एवढा. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, "जड वाटतंय जरा." या जड वाटणाऱ्या गुडघ्यावर ते महिनाभर भाजी आणत होते आणि दोन रविवार पांडवलेणीही चढून आले. पुढे गुडघा बाहेरच्या अंगाला कलायला लागला, चालताना आतून खडे घासल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा आईने अक्षरशः ओढून दवाखान्यात नेलं.

पहिल्या डॉक्टरांनी (नाव लिहीत नाही) एक्सरे उजेडाला धरला आणि म्हणाले, "वंगण संपलंय. दोन्ही वाट्या बदलून टाकू, पुढचा मंगळवार देतो." पॅकेजचा कागदही हातात दिला. अण्णा खूश, कारण शेजारच्या काकांचं असंच ऑपरेशन झालं आणि ते आता जिना चढतात.

आई म्हणाली, अजून एकाला दाखवू. हे दुसरे डॉक्टर एक्सरे बराच वेळ बघत बसले. मग अण्णांना झोपवून तो वाजणारा लोखंडी काटा असतो ना, तो पायाच्या अंगठ्यावर टेकवला. थरथर कळते का विचारलं. अण्णा म्हणाले, "ठेवलाय का?" मग डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर धाडकन माझ्या अंगावर आले. डॉक्टरांचं म्हणणं, हा नेहमीचा संधिवात नाही, चारको सांधा आहे, नसा बधिर झाल्यामुळे झिजलेला. आत्ता ऑपरेशन केलं तर टिकणार नाही. आधी ब्रेस, पायावर वजन बंद, आणि तपासण्या.

त्या यादीत व्हीडीआरएल आहे, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी. ६८ वर्षांच्या माणसाला! आईला याचा अर्थ कसा सांगू?

तर कुणाच्या घरी हे झालंय का? आणि थांबायचं म्हणजे किती?

---

चिवडा_पार्सल | १२ जून, रात्री ११:०५

दुखतच नाही तर ऑपरेशन कशाला? नशीबवान आहेत अण्णा. माझा दुखतो आणि डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही.

---

अस्थिपंजर | १३ जून, सकाळी ६:५०

चिवडासाहेब, न दुखणं हाच तर इथला आजार आहे. मी अस्थिरोग विभागात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, पण समजावून सांगायला हरकत नाही.

तुम्ही-आम्ही चालताना गुडघा जरा वेडावाकडा पडला की कळ येते आणि आपण पाय सावरतो. दिवसातून शेकडो वेळा हे होतं, आपल्या लक्षातही येत नाही. ज्याच्या नसा बधिर झाल्यात त्याला ती कळ येत नाही. शिवाय सांधा कुठल्या कोनात आहे ही जाणीवही गेलेली असते. मग बारीक तडा जातो, माणूस त्यावरच चालतो, तडा रुंदावतो, हाडाचे तुकडे सांध्यात पडतात, सूज येते. सूज आली की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि हाड आणखी भुसभुशीत होतं. असं ते चक्र.

झां-मार्तें शार्को हे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले मज्जातंतूंचे डॉक्टर. १८६८ मध्ये त्यांनी हे सांधे प्रथम नीट वर्णन केले. आपण मराठीत चारको म्हणतो, चालतंय. त्यांचे रुग्ण होते टेबीज डॉर्सालिसचे, म्हणजे सिफिलिस पाठीच्या कण्यात उतरून मज्जारज्जूचा मागचा भाग खराब झालेले. त्या आजारात गुडघा हे नेहमीचं ठिकाण. आज सगळ्यात मोठं कारण मधुमेह, पण तो बहुधा पाऊल आणि घोटा धरतो. मधुमेह्याचा गुडघा असा होणं दुर्मीळच, आणि म्हणून तुमचे डॉक्टर नुसत्या साखरेवर समाधान मानत नाहीत. व्हीडीआरएल त्यासाठीच आहे. त्यांच्या जागी मीही लिहिली असती, मठाधिपती समोर असते तरी.

पाठीच्या मज्जारज्जूत पोकळी होण्याचा एक आजार असतो, त्यात असा खांदा किंवा कोपर जातं. कुष्ठरोगातही सांधा असा जाऊ शकतो. दारूने नसा गेल्या तरी. बी-१२ मोजलंय का? बावीस वर्षं साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ते खाली असण्याची बरीच शक्यता.

तीन प्रश्न. अण्णांच्या पायातून चप्पल निसटली तर त्यांना कळतं का? तळव्याला न दुखणारी जखम कधी झाली होती का? बेसिनवर तोंड धुताना तोल जातो का?

---

गोदाकाठची | १३ जून, दुपारी १:१५

तिन्हीची उत्तरं हो. वाचून पोटात गोळा आला.

चप्पल तर मेनरोडला दोनदा हरवली. एक पाय अनवाणी घेऊन घरी आले आणि आम्ही हसलो. डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटले की भिंत धरतात, त्याला आम्ही वय म्हणत होतो.

गेल्या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी केली. घरी आल्यावर आईला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, दारापासून थेट देवघरापर्यंत. टाचेत काच होती. अण्णांना पत्ताच नाही. आम्ही ते भक्तीच्या खात्यावर टाकलं.

---

मीठभाकर | १३ जून, दुपारी ३:३०

भाच्याला चारको-मेरी-टूथ सांगितलाय. त्याचेही गुडघे असे होणार का? बहीण रडून बेजार आहे.

---

अस्थिपंजर | १३ जून, सायंकाळी ५:००

डॉक्टर तेच, आजार वेगळा. भाच्याचा आनुवंशिक आहे, त्यात मुख्यतः पावलांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू बारीक होतात. संवेदना फार गेली तर क्वचित सांधाही बिघडू शकतो, पण नाव सारखं म्हणून आजार एक होत नाही. बहिणीला सांगा, इंटरनेट बंद कर.

---

नवा_आयडी_क्षमस्व | १४ जून, रात्री १२:२०

हा आयडी एवढ्या प्रतिसादापुरता काढलाय.

माझ्या सासऱ्यांची ती तपासणी पॉझिटिव्ह आली होती. वय ७१. तरुणपणी ट्रकवर होते. घरात कुणी बोललं नाही, सासूबाईंना "रक्तात जंतू" एवढंच सांगितलं. त्यांचीही तपासणी करावी लागली, ती सुदैवाने निगेटिव्ह. पेनिसिलिनचा कोर्स झाला. मेलेल्या नसा त्याने परत आल्या नाहीत, पण नुकसान तिथे थांबलं. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे वर्षभराने झालं.

ताई, तपासणी करून घ्या. आई-अण्णांना "नसांच्या तपासण्या" म्हणून सांगा, ते खोटंही नाही. आमच्याकडे लाजेपोटी आठ महिने गेले आणि तेवढ्यात दुसरा गुडघाही गेला.

---

निफाडकर | १४ जून, सकाळी ८:१०

आमच्या आईचं सांगतो. साखरेनेच गेलेला गुडघा. द्राक्षाचा सीझन, छाटणीची माणसं घरात, आई दिवसभर उभी. एका ठिकाणी नेहमीचीच वाटी टाकली. ते डॉक्टर वाईट नव्हते, पण नसा कुणी तपासल्या नाहीत. तीन महिन्यांत गुडघा मागे निसटला. फोटोत बघितलं तर वरचं लोखंड एका दिशेला, खालचं दुसऱ्या. आई म्हणते, "तरी दुखत नाही हो."

दुसरं ऑपरेशन मुंबईला. बिजागरीचा सांधा टाकला, दाराला असते तशी, आणि त्याच्या लांब दांड्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडात आत घातल्या. पाच वर्षं झाली. चालते, पण काठी आहे आणि बागेत जात नाही. खरं म्हणजे जाते, आम्ही नसताना.

---

हिशेबनीस | १४ जून, सकाळी १०:४५

@निफाडकर, बिजागरीचा खर्च किती आला? मेडिक्लेमने दिला का?

---

निफाडकर | १४ जून, रात्री ९:००

विम्याने कुरकुर केली, शेवटी दिला. एक माहिती असू द्या. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांवर किमतीची मर्यादा घातली. तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० आणि रिव्हिजनच्या, म्हणजे दुसऱ्यांदा बदलायच्या सांध्याला १,१३,९५० रुपये, जीएसटी वेगळा. तो आकडा फक्त सांध्याचा, ऑपरेशन, खोली, भूल हे सगळं वेगळं. सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर असतात ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. दहा वर्षांनी कुणी विचारलं की कुठला सांधा, तर तेच कामाला येतं. जनआरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, ॲडमिट झाल्यावर नाही.

---

चिवडा_पार्सल | १५ जून, सकाळी ९:३०

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. अवांतर: काल रात्री बायकोने माझ्या तळव्यांना काडीने टोचून पाहिलं. सगळं कळतंय. फारच कळतंय.

---

गोदाकाठची | ४ जुलै, रात्री ९:५०

अपडेट. व्हीडीआरएल निगेटिव्ह. आईला मी शेवटी खरं सांगितलं, तर म्हणाली, "मग काय झालं, करून टाक की." लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालेल्या बाईला मीच कमी लेखलं.

बी-१२ १३६, इंजेक्शनं सुरू. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.४. पाठीच्या एमआरआयमध्ये पोकळी वगैरे नाही. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं, जंतू नाहीत. म्हणजे साखर आणि बी-१२ दोघांनी मिळून केलेलं काम.

मांडीपासून घोट्यापर्यंत ब्रेस, वॉकर, उजवा पाय टेकायचा नाही. आणि अण्णा टेकतात! दुखत नाही ना. परवा रात्री वॉकर न घेता पाणी प्यायला उठले. मी ओरडले, तर म्हणाले, "मला काय त्रास होतोय ते तरी सांग."

एक विचारते. डॉक्टर म्हणाले, दोन पर्याय आहेत, सांधा बदलणं किंवा गुडघा कायमचा जाम करून टाकणं. जाम केलेला चांगला का?

---

अस्थिपंजर | ५ जुलै, सकाळी ७:०५

माझ्या शिकण्याच्या काळात पुस्तकात सरळ लिहिलेलं असायचं, चारको गुडघ्यात सांधा बदलू नये. ब्रेस द्या, नाही जमलं तर हाडं जोडून गुडघा जाम करा. पुढे रोटेटिंग हिंज, म्हणजे थोड्या फिरणाऱ्या बिजागऱ्या आल्या, लांब दांड्या आल्या, झिजलेल्या हाडाच्या जागी बसवायचे धातूचे ठोकळे आले, तेव्हा मत सैल झालं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००३ मध्ये अशा ४० गुडघ्यांचा हिशेब मांडला. चालणं सुधारलं होतं, पण हाड मोडणं, सांधा सैल होणं, निसटणं ही भानगड नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा बरीच जास्त. आजही निवडक रुग्णांतच करायचं ऑपरेशन आहे हे.

जाम करण्याचा मोह होतो कारण एकदा जुळलं की प्रश्न मिटतो. पण अशा हाडात ते जुळायलाच त्रास देतं, कित्येकदा जुळतच नाही. आणि जुळलं तरी सरळ दांड्यासारखा पाय घेऊन एसटीत बसायचं कसं? तो दांडा दुसऱ्या पायावर आणि कमरेवर भार टाकतो. अण्णांचा दुसरा पायही बधिरच आहे.

बिजागरीचंही फुकट नाही. निसटणं थांबतं, पण चालताना जो पीळ बसतो तो अस्थिबंध झेलत नाहीत, दांड्या जिथे हाडात बसल्यात तिथे तो जातो. म्हणून सैल होण्याची धास्ती. तोल फारच गेलेला असेल तर जास्तच.

बाकी वेळेचं तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. सांधा आत्ता तुटण्याच्या टप्प्यात आहे: गरम, सुजलेला, हाड मऊ. आयकेनहोल्ट्झ यांनी १९६६ मध्ये याचे तीन टप्पे मांडले, तुटणं, सांधणं आणि घट्ट होणं. पहिल्या टप्प्यात लोखंड बसवणं म्हणजे ओल्या भिंतीत खिळा ठोकणं. सूज उतरू दे, ऊब कमी होऊ दे, एक्सरेत हाड घट्ट दिसू दे. तोवर साखर आठच्या खाली आणा.

---

फिजिओताई | ५ जुलै, दुपारी २:४०

गोदाकाठची, अण्णांना "दुखलं की थांबा" हे वाक्य घरात कुणीच म्हणायचं नाही. आमच्या तोंडात ते इतकं बसलंय की मी स्वतः अशाच एका पेशंटला आठवडाभर तेच सांगत होते. ते बिचारे दुखायची वाट बघत चालत राहिले. त्या आठवड्याचं मला अजून वाईट वाटतं.

अण्णांना घड्याळ लावून द्या. मोबाईलचा गजर, दहा मिनिटं उभं राहणं, गजर झाला की बसणं, बरं वाटत असलं तरी. प्रेसमध्ये काम केलेला माणूस भोंगा ऐकतो, शरीराचं ऐकत नसला तरी.

रात्रीचा दिवा चालू ठेवा. त्यांचा तोल आता पायांवर नाही, डोळ्यांवर आहे. अंधार झाला की पाय गेले. अंघोळ खुर्चीत बसून. चपलेत पाय घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा असतो, एकदा एका आजोबांच्या बुटात नातवाची खेळण्यातली गाडी निघाली. रोज रात्री तळव्याला आरसा.

---

गोदाकाठची | ५ जुलै, रात्री १०:१५

भोंगा! अण्णांना वाचून दाखवलं. लगेच म्हणाले, "पहिली पाळी सातची लाव."

---

गोदाकाठची | २२ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

धागा वर काढतेय. श्रावण घरात गेला, गणपती घरात, नवरात्रात सप्तशृंगीच्या गडावर नाही. अण्णा चिडचिडे झालेत, पण भोंगा पाळतात. सूज उतरली. कोरोनात घेतलेली ती कपाळावर धरायची बंदूक काढून रोज सकाळी दोन्ही गुडघे मोजते, वहीत लिहिते. जूनमध्ये उजवा जवळजवळ तीन अंशांनी गरम होता, आता अर्ध्या अंशाचा फरक. साखर ७.६. एक्सरेत हाड पांढरं, घट्ट दिसतंय म्हणे. जानेवारीची तारीख मिळाली. एकच गुडघा. डावा चांगला आहे, त्याला हातही लावायचा नाही. पहिल्या डॉक्टरांच्या कागदावर दोन्ही होते हे आठवलं की अजून घाम फुटतो.

---

अस्थिपंजर | २२ नोव्हेंबर, रात्री ८:४५

वही छान. ऑपरेशननंतर मात्र बंदुकीच्या आकड्याने घाबरू नका, नवा सांधा काही महिने उबदार राहतोच. कमी होत होत एकदम वाढला तर फोन करा. आणि ऑपरेशनआधी तळवे नीट बघा, दोन बोटांच्या मधेसुद्धा. पायाला उघडी जखम असताना सांधा बसवायचा नसतो, जंतू तिथून जातात.

---

गोदाकाठची | ३० जानेवारी, रात्री ११:००

झालं. साडेतीन तास. रोटेटिंग हिंज, वर-खाली लांब दांड्या, आतल्या बाजूला नडगीचं हाड खचलं होतं तिथे धातूचा ठोकळा. डॉक्टरांनी काढलेले तुकडे बाटलीत दाखवले, खडीसारखे. इतकी खडी घेऊन माणूस पांडवलेणी चढला.

शेजारच्या खाटेवर नेहमीच्या वाटीवाल्या आजी होत्या, दुसऱ्या दिवशी रडत चालल्या. अण्णा हसत उठले आणि सिस्टरला म्हणाले, "मी जिना चढून दाखवू?" सिस्टरने मला बाहेर बोलावून विचारलं, यांना नक्की झालंय काय? तेव्हापासून खाटेच्या डोक्याशी मी कागद चिकटवला: पेशंटला दुखत नाही, म्हणून जास्त सांभाळा.

सहा आठवडे ब्रेस. वजन हळूहळू. स्टिकरचे फोटो काढले, @निफाडकर.

---

निफाडकर | ३१ जानेवारी, सकाळी ७:२०

वा! अण्णांना नमस्कार सांगा. मार्चमध्ये द्राक्षं पाठवतो, साखर बघून चार-पाचच द्या.

---

गोदाकाठची | १८ मे, रात्री ९:१०

बरेच जण व्यक्तिगत निरोपातून विचारतात म्हणून. अण्णा काठी घेऊन सोसायटीत चालतात, सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा मिनिटं, भोंग्यावर. मांडी घालून बसणं बंद, पाटावर जेवण बंद, कमोड. पांडवलेणी बंद, यावर तीन दिवस अबोला होता. गेल्या महिन्यात गडावर जाऊन आलो, खालून ट्रॉलीने, पायऱ्या टाळून. देवीसमोर अण्णा काही बोलले नाहीत, आई बरंच बोलली.

आता विचारायचं ते. वही अजून चालू आहे. गुडघा ठीक आहे. पण आज सकाळी आई त्यांच्या तळव्यांना तेल लावत होती आणि म्हणाली, डावा घोटा कोमट लागतोय. मी बंदूक धरली तर उजव्यापेक्षा अडीच अंश जास्त. थोडा लाल आहे. अण्णा म्हणतात काहीच होत नाही. उद्या अकराचा नंबर घेतलाय.

---

अस्थिपंजर | १८ मे, रात्री ९:२५

नऊचा घ्या. उद्या डॉक्टर बघेपर्यंत डावा पाय जमिनीला लावायचा नाही, बाथरूमलासुद्धा चाकाच्या खुर्चीतून. काठी आज रात्री उचलून ठेवा.

---

गोदाकाठची | १८ मे, रात्री ९:४०

ठेवली कपाटावर. आई त्यांच्या खाटेशी खुर्ची टाकून बसलीये.